कोपऱ्याची खोली

२ नोव्हेंबर, पाडवा

आज नव्या घरात दूध उतू घातलं. नवं म्हणजे आम्हाला नवं, बांधकाम जुनं, दगडी आहे. जन्मभर कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात नट पिळले आणि रिटायर झाल्यावर हातात आलं ते सगळं ह्यात घातलं. मथुरा म्हणत होती, बँकेत टाका, व्याजावर खाऊ. सृष्टीनेही पुण्याहून फोन करून तेच सांगितलं. आईचीच लेक. व्याज खाणारा माणूस म्हातारा होतो आणि भाडं खाणारा मालक होतो, हे मायलेकींना कोण सांगणार.

घर सोलापुरात, सात रस्त्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. वर आम्ही. खाली मागच्या दोन खोल्या बँकेतल्या एका जोडप्याला अकरा महिन्यांच्या करारावर दिल्या, पोलीस पडताळणी वगैरे सगळं रीतसर करून. आणि राहिली कोपऱ्याची खोली. तिला दोन दारं, एक अंगणात, एक थेट रस्त्यावर. नुसतं शटर बसवलं की दुकान. त्या खोलीत निंगव्वा बसली आहे.

निंगव्वा मूळची मैंदर्गीची. नवरा मिलमध्ये होता, तो कधीच गेला. मूलबाळ नाही. वय ऐंशीच्या घरात. जुन्या मालकाच्या बापाच्या काळापासूनची भाडेकरू, भाडं इतकं की सांगायची लाज वाटावी. कडक भाकरी करून रस्त्याकडच्या दारातून विकते. तिच्यामुळेच घर मला स्वस्तात पडलं. एजंट सोमलिंग म्हणाला, "सयाजीराव, भरलेलं घर घ्यायचं अन् रिकामं करून वापरायचं, सगळी गंमत त्यात हाय. म्हातारी गेली अन् तिच्यासंगं राहणारं नात्यातलं कुणी निघालं, तर हक्क त्याच्याकडं जातो. हिच्यासंगं कुणी न्हाय. म्हणून तर सौदा गोड हाय की."

मला पटलं. भाडेकरू बघताना माणूस बघायचा नाही, त्याच्या मागं कोण उभं आहे ते बघायचं.

१९ नोव्हेंबर

निंगव्वाला भेटायला खाली गेलो. मालक म्हणून जायचं होतं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला. ती तव्यापुढं बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बस की तम्मा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी उभाच राहिलो. म्हटलं, आजी, वय झालं तुमचं, मैंदर्गीला भावाचं घर आहे, चार माणसांत राहावं. इथं एकट्यानं काय करताय.

"एकटी कुटं हाय? रस्ता हाय की समोर."

मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "मी मेले की खोली तुझीच हाय तम्मा. तवर भाकरी खा."

माझ्या मनातलं माझ्याच तोंडावर बोलायची हिंमत बघा. लई राग आला. भाकरी मात्र चांगली होती. शेंगाचटणीबरोबर दोन खाल्ल्या.

२८ नोव्हेंबर

सोमलिंग चहाच्या गाड्यावर भेटला. त्याचं शास्त्र असं: जुन्या भाडेकरूला हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही, नोटीस तर अजिबात नाही, नोटीस मिळाली की तो वकील गाठतो. घरानेच त्याला कंटाळा आणला पाहिजे. गिलावा पडला तर पडू द्यायचा. मोरी तुंबली तर बघतो म्हणायचं आणि बघायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी पाणी.

इथं पाणी चार-पाच दिवसांनी सुटतं. ते अंगणातल्या हौदात घ्यायचं, मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. टाकीतून तीन घरांना तीन पाइप येतात आणि तिन्हींचे कॉक आमच्या जिन्याच्या वळणावर आहेत. मी फिटर माणूस. निंगव्वाचा कॉक बंद केला, पान्याने त्याची मूठ सोडवली आणि शर्टाच्या खिशात टाकली. ती विचारायला आली की सांगायचं, पाइप गंजलाय, माणूस मिळत नाही.

६ डिसेंबर

ती विचारायला आलीच नाही. आज सकाळी बघतो तर मथुरा आमच्याच नळाखाली कळशी भरून खाली चालली आहे. विचारलं, कुणाला? तर म्हणाली, "निंगव्वाला. तुमच्या पाइपाला गंज आलाय, तिच्या नरड्याला न्हाय आला."

कळशी नेऊ दिली. दोन कळशांत कंबर बोलायला लागेल, मग आपणच थांबेल.

२२ डिसेंबर

थांबली नाही. उलट आता तासतास खालीच असते. हाताला पीठ लावून वर येते. भाकरी कागदासारखी पातळ कशी थापायची ते शिकते आहे म्हणे. काल दोघी हसत होत्या, वर ऐकू येत होतं. हसायला काय झालं विचारलं तर म्हणाली, काही न्हाय. आमच्या घरात इतक्या वर्षांत ती असं हसलेली मला तरी आठवत नाही.

कंबर मात्र खरंच धरली तिची. रात्री माझे पाय चेपायलाही वाकता येईना. शेवटी मीच कॉक उघडून दिला. मूठ खिशातच ठेवली. हत्यार जवळ असलेलं बरं.

१४ जानेवारी, संक्रांत

गड्ड्याची जत्रा चालू आहे, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. निंगव्वाच्या भाकऱ्या दुपारच्या आत संपल्या. दुकानाला ही जागा किती चालेल, ते आज डोळ्यांनी बघितलं.

संध्याकाळी मथुरा ओटी भरून वर आली. इरकली खण, नारळ, गहू, हळदकुंकू. निंगव्वाने भरली. मथुराचे आईबाप लग्नानंतर लवकरच गेले आणि भाऊ नाही, तेव्हापासून तिला माहेर असं नाहीच. मला ते नेहमी सोयीचं वाटलं. भांडण झालं की बायका माहेरी जाऊन बसतात, ही कुठं जाणार. तर आता निंगव्वा तिला म्हणाली आहे, "आजपासनं हे तुझं तवरमनी." तवरमनी म्हणजे माहेर. सांगताना मथुराच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, बरं झालं, सासर वर आणि माहेर खाली, एसटीचं भाडं वाचलं. ती हसली नाही.

मनात शंका आली म्हणून सोमलिंगला फोन केला. तो म्हणाला, "मानलेल्या नात्याला कोर्ट इचारत न्हाय. बिनधास्त ऱ्हावा."

१० फेब्रुवारी

घात झाला. निंगव्वाच्या भावाची नात आली आहे, दानेश्वरी. अठरा-एकोणीस वर्षांची, बडबडी. नर्सिंगच्या कोर्सला सोलापुरात नाव घातलंय आणि अज्जीजवळ राहणार म्हणे. ट्रंक, गादी, पुस्तकं, सगळं घेऊन आली. मला वाकून नमस्कार केला. "काका, अज्जीला आता रात्री सोबत झाली," म्हणाली.

सोबत. हाच तो शब्द. सोमलिंगने सांगितलेलं सगळं डोळ्यांपुढं आलं. म्हातारी आज ना उद्या जाईल, पण ही पोरगी पन्नास वर्षं हलणार नाही.

१५ फेब्रुवारी

आज मैंदर्गीला तिच्या बापाला, ईश्वरप्पाला फोन लावला. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. म्हटलं, तुमची मुलगी गुणी आहे, पण आमच्या खोलीला रस्त्याकडं दार आहे, म्हातारीला ऐकू कमी येतं, आणि मी परवा त्या दारात एक पोरगा उभा असलेला बघितला. पोरगा खरंच उभा होता. भाकरी घ्यायला आला असेल, पण उभा होता. मी मालक आहे, उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येते, म्हणून कानावर घातलं. पोरगा किती वयाचा होता, ते त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "लई उपकार झाले तुमचे."

१८ फेब्रुवारी

ईश्वरप्पा स्वतः आला. अंगणात सगळ्यांदेखत पोरीच्या थोबाडीत मारली आणि ट्रंक रिक्षात टाकली. पोरगी रडत विचारत होती, काय केलं मी, कोण म्हणालं. त्याने माझं नाव घेतलं नाही, माणूस सज्जन आहे. लवकरच कुणाच्या तरी गळ्यात बांधतील तिला. निंगव्वा उंबऱ्यात बसून होती. मी जिन्यावरून उतरताना तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात कानडीत काहीतरी बोलली. मला कानडी येत नाही, ते एका अर्थी बरंच आहे.

मथुराला म्हटलं, आता तूच बघत जा तिच्याकडे. जेवण, औषध, सगळं. म्हातारीला कुणाची उणीव भासता कामा नये, म्हणजे नातेवाईक बोलावायची वेळ येणार नाही. मथुरा एवढंच म्हणाली, "मी बघतेच की."

आता तीही धंद्यात मुरत चालली.

२ एप्रिल

एका मेडिकलवाल्याने कोपऱ्याची खोली मागितली आहे. डिपॉझिट चांगलं देतोय, आणि भाडं दरवर्षी वाढवून द्यायला तयार. पण त्याला अक्षय तृतीयेला उद्घाटन करायचंय. त्या मुहूर्तावर जागा मिळाली तर ठीक, नाहीतर तो दुसरीकडे बघणार. आत येऊन मापं घेऊन गेला. निंगव्वाने त्यालाही भाकरी देऊ केली. फ्रीज कुठं ठेवायचा, काउंटर कुठं, ते तो तिच्या डोक्यावरून बोटं दाखवत सांगत होता.

ऊन भयंकर वाढलंय. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.

१२ एप्रिल

मथुरा आज कुर्डुवाडीला गेली. क्वार्टरमधल्या जुन्या शेजाऱ्यांकडे लग्न आहे, तीन-चार दिवस राहील. जाताना दहादा बजावलं, निंगव्वाला दोन दिवस बरं न्हाय, ऊन सोसत न्हाय, सकाळ-संध्याकाळ बघा, ताक द्या. दानेश्वरीला बोलावून घेऊ का, असंही म्हणत होती. मी म्हटलं, मी काय मेलोय का.

ती गेल्यावर विचार केला, ही चार दिवसांची संधी आहे. एवढ्या उन्हात पाण्याची ओढ झाली तर म्हातारी आपणहून मैंदर्गीला जाईन म्हणेल. मी टॅक्सीसुद्धा करून देईन, पैसे माझे. कॉक बंद केला. मूठ खिशात.

१४ एप्रिल

सकाळी खाली गेलो तर निंगव्वा पडून. ओकलेलं होतं. अंग तव्यासारखं. "नीर," म्हणाली. नीर म्हणजे पाणी, एवढं कळतं मला. वर येऊन माझ्या हाताने तांब्या भरून नेऊन दिला. कोण मालक करतो असं? म्हटलं, आजी, मैंदर्गीला सोडू का? मान हलवली, हो म्हणाली की नाही ते कळलं नाही.

मागच्या खोलीतली बँकवाली बाई कामावर जाताना म्हणाली, "काका, त्यांना दवाखान्यात न्या, सलाइन लावतील." तिला काय जातंय बोलायला. दवाखान्यात नेलं की पहिला प्रश्न, तुम्ही कोण लागता. मग नातेवाईक बोलवा. मग दानेश्वरी येणार, बरं होईपर्यंत राहणार, आणि एकदा राहिली की राहिलीच. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात.

दुपारी दानेश्वरीचाच फोन. अज्जी फोन उचलत नाही म्हणाली, आवाज घाबरलेला. म्हटलं, झोपली असेल, जरा ऊन लागलंय इतकंच. "मी येऊ का काका? अप्पांच्या पाया पडते, येऊ देतील." मी म्हटलं, कशाला एवढ्या उन्हात, संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर मीच कळवतो.

सोमलिंगकडे जाऊन आलो. संध्याकाळी परत डोकावलो. तांब्या रिकामा पडला होता. आता कण्हणं थांबलंय, शांत झोपली आहे, अंगही गार लागलं. ताप उतरलेला दिसतोय. उद्या सकाळी मैंदर्गीचं विचारतो.

१६ एप्रिल

निंगव्वा गेली. काल सकाळी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा कळलं.

मैंदर्गीहून माणसं आली, कुर्डुवाडीहून मथुरा आली. त्यांच्यात पुरतात. जंगम आले, विभूती, फुलं, सगळं आलं. आंघोळ घालायची म्हणून मथुरा घागर घेऊन मोरीत गेली आणि नळ सोडला. नळातून हवेचा आवाज आला. मी अंगणात होतो, मला ऐकू गेला. गडबडीत कॉकचं विसरूनच गेलो होतो.

ती बाहेर आली. अंगण माणसांनी भरलेलं. माझ्यासमोर येऊन हात पुढं केला आणि म्हणाली, "मूठ द्या."

मी म्हटलं, कसली मूठ.

"खिशातली."

एवढ्या लोकांत वाद नको म्हणून काढून दिली. तिने स्वतः जिना चढून, मूठ बसवून कॉक उघडला, खाली जाऊन घागर भरली आणि म्हातारीला आंघोळ घातली. मग जिन्याकडे जाऊन मूठ काढली आणि परत माझ्या हातात आणून ठेवली. तिच्या हाताने ती ओली झाली होती. दानेश्वरी तिच्या गळ्यात पडून काय काय सांगत होती, मधूनमधून दोघी माझ्याकडे बघत होत्या.

असो. खोली मोकळी झाली. अक्षय तृतीयेला अजून अवकाश आहे.

१९ एप्रिल

मथुरा खाली झोपते. दिवा लावायचा असतो म्हणे. पाच दिवस चालेल तो दिवा, चालू दे. मेडिकलवाल्याला निरोप दिला, खोली मोकळी झाली, रंगारी कधी पाठवताय.

२४ एप्रिल

आज खाली जाऊन म्हटलं, चल वर, रंगारी यायचाय. ती भाकरी थापत होती, निंगव्वाच्याच जागी, त्याच पाटावर. म्हणाली, "मी माहेरी आलीय."

म्हटलं, काय वेड्यासारखं बोलतेस.

"भांडण झालं की बाई माहेरी जाती. मला इतकी वर्षं जायला जागा न्हवती. आता हाय."

"भांडण कधी झालं आपलं?"

त्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली. रस्त्याकडच्या दारात गिऱ्हाईक आलं, ती त्याच्याशी बोलायला लागली. बाईच्या जातीला राग आला की असं होतं. चार दिवस जाऊ देतो.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

मेडिकलवाल्याने पुढच्या चौकात उद्घाटन केलं. मलाही बोलावलं होतं. पेढा खाऊन आलो.

९ मे

वकिलाकडे गेलो. सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागला. "स्वतःच्या बायकोवर बेदखलीचा दावा लावायचा म्हणता? तिनं पोटगीचा लावला तर काय करणार आहात?" फी मात्र हसता हसता घेतली. सोमलिंगसुद्धा आता मला बघून दुसऱ्या गाड्यावर चहा प्यायला जातो. एकदा गाठलाच, तर म्हणाला, "सयाजीराव, भाडेकरू कसा काढायचा ते मी सांगतो. हे आपल्या लाइनचं न्हाय."

सृष्टीचा फोन आला होता. आई फोन उचलत नाही, कुठंय विचारत होती. काय सांगणार, म्हटलं, माहेरी गेलीय. ती म्हणाली, "बाबा, आईला माहेर कुठंय?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

खानावळीचं खाऊन पोटाची वाट लागली आहे. आज न राहवून भाकरी आणायला रस्त्याकडच्या दारात गेलो. मथुराने विचारलं, "किती देऊ?" जसं कुणी परक्याला विचारावं तसं. आणि सुटे मागितले.

१३ मे

दानेश्वरी आली. ट्रंक, गादी, पुस्तकं, सगळं. ईश्वरप्पा स्वतः सोडायला आला होता. मथुराला म्हणाला, "ताई, तुमी हाय म्हणून पोरगी ठेवतो." माझ्याशी बोलला नाही. थुंकला आणि गेला.

आता पुरे झालं. मी मालक आहे की नाही? संध्याकाळी कॉक बंद केला आणि मूठ खिशात टाकली. एवढ्या उन्हात दोन बायका किती दिवस काढतात बघतोच. गुमान वर येतील.

१६ मे

कुणी वर आलं नाही. बँकवाली त्यांना तिच्या नळाचं भरून देते, मी डोळ्यांनी बघितलं. तिचाही कॉक बंद केला असता, पण ती भाडं वेळेवर देते आणि करार तिच्याकडे आहे.

डोकं दुखतंय. दुपारी गच्चीवर टाकी बघायला गेलो होतो, तेव्हापासून.

१७ मे

दोनदा उलटी झाली. जेवण जात नाही. पहाटे पाणी सुटलं, हौद भरल्याचा आवाज ऐकला, पण मोटर लावायला खाली उतरणं झालं नाही. पूर्वी मोटर मथुरा लावायची. आता टाकीत पाणी नाही, नळ सोडला की नुसती हवा येते. बँकवाली मंडळी सुट्टीला गावी गेलीत.

१८ मे

अंग फणफणलंय. अक्षर नीट येत नाही.

सकाळी जिन्याच्या तोंडाशी जाऊन मथुराला हाक मारली. पुन्हा मारली. बऱ्याच वेळाने आली. उंबऱ्यातून माझ्याकडे बघितलं, मग तांब्या आणून खाटेजवळ ठेवला. जवळ बसली नाही. दानेश्वरी तिच्या मागं उभी होती. पोरगी म्हणाली, "काकू, सलाइन लागंल." मथुराने तिला हाताने मागं सारलं.

मी म्हटलं, मथुरा, दवाखान्यात नेतेस का? रिक्षा बोलाव.

ती खुंटीकडे गेली. माझ्या शर्टाच्या खिशातून मूठ काढली आणि कमरेला खोचली. मग म्हणाली, "जरा ऊन लागलंय इतकंच. संध्याकाळपर्यंत बघू."

आणि दोघी खाली गेल्या.

हे शब्द कुठं तरी ऐकल्यासारखे वाटले, पण डोकं चालत नाही. घाबरवायचं असेल तिला मला. मनाने वाईट नाही ती, परक्या निंगव्वाला एवढं जपलं तिने, मला कशी सोडेल. सृष्टीला फोन करावा, असं एकदा मनात आलं. पण मग तिला पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल.

तांब्या मघाशीच संपला.

खालून भाकरी थापल्याचा आवाज येतोय, म्हणजे मथुरा घरातच आहे. जिन्याच्या वळणावर कॉक फिरवल्याचाही आवाज आला, पण टाकीत पाणी नाही, तिला ते माहीत नसेल. सांगायला पाहिजे. संध्याकाळ झाली की येईलच ती, तेव्हा सांगतो.